पश्चिमेची खिडकी आधी बघा

नवं घर बांधून होतं तेव्हा पैसा संपत आलेला असतो, माणसं थकलेली असतात आणि पडद्यांचा निर्णय नेमका तेव्हाच समोर येतो. वास्तुशांतीची तारीख धरलेली असते. पाहुणे यायच्या आत खिडक्या उघड्याबोडक्या दिसू नयेत म्हणून घरातलं कोणीतरी धाराशिवला, लातूरला नाहीतर सोलापूरला जातं, नमुन्यांची वही चाळतं आणि सगळ्या खिडक्यांना एकच माल सांगून येतं. अलीकडे हा माल पुष्कळदा उभ्या पट्ट्यांचा असतो, दुकानात ज्याला व्हर्टिकल ब्लाइंड्स म्हणतात. बँकेत, कचेरीत, डॉक्टरांच्या केबिनमध्ये आपण तो पाहिलेला असतो. दिसायला नीटनेटका, शिवणकाम नाही, चुण्या नाहीत, म्हणून तो घरातही हवासा वाटतो.

माझं सांगणं एवढंच आहे की हे पडदे सगळ्या घराला एकदम लावू नका. घरातल्या एक-दोन खिडक्यांवर ते फार चांगलं काम करतात. उरलेल्यांवर पैसे अडकतात आणि गैरसोय होते ती वेगळी. कोणत्या खिडकीला हे लावायचे, ते दुकानातली वही सांगू शकत नाही. त्यासाठी आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं ऊन ओळखावं लागतं.

एवढी मोठी खिडकी आपल्या भागात तशी नवीच आहे. जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, दगडमातीच्या. वर तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर घातलेलं माळवद. उजेडाला एखादा झरोका. बाहेर वैशाखाच्या झळा चालल्या असल्या तरी आत दुपारची झोप लागायची, कारण दिवसभराचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती आणि तीच माळवदं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. लातूर जिल्ह्यात आणि आपल्याकडे उमरगा-सास्तूरच्या बाजूला हजारो माणसं गेली. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, पातळ भिंतींची आणि भूकंपाला टिकतील अशा बांधणीची.

त्या जड भिंतींकडे परत जा असं कोणी म्हणू नये, मीही म्हणणार नाही. पण भिंत गेली तसा तिचा गारवाही गेला, हे मान्य करायला हवं. पुढे जिल्हाभर सहा-नऊ इंची भिंत, वर सिमेंटचा स्लॅब आणि हॉलला सहा फुटी सरकती काच असं घर रूढ झालं. पूर्वी जे काम भिंत करायची, त्यातलं बरंचसं आता खिडकीवरच्या आच्छादनाला करावं लागतं. म्हणून पडद्याची निवड ही शोभेची बाब समजू नका. घरात म्हातारी माणसं असतील, बाळंतीण असेल, परीक्षेचा अभ्यास करणारं पोर असेल, तर मार्च ते जूनमधली प्रत्येक दुपार त्या निवडीवर अवलंबून असते.

आता ऊन कसं येतं ते बघू. आपला जिल्हा साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमाराला सूर्य भर दुपारी आपल्या थेट डोक्यावर येतो, आणि मग जुलै संपेपर्यंत दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेकडेच राहतो. याचा अर्थ ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत येतच नाही. तिथे दोन फुटांचा सज्जा असला की भागलं. उत्तरेच्या खिडकीलाही फारसा त्रास नाही. खरा ताप पश्चिमेचा. तीन वाजल्यापुढे सूर्य खाली उतरतो, सज्ज्याच्या खालून शिरतो आणि दिवस मावळेपर्यंत समोरची भिंत, पलंग, टीव्ही, माणसं, सगळं भाजून काढतो. पूर्वेच्या खिडकीतूनही ऊन असंच खालून येतं, पण सकाळचं असतं, तेव्हा घर रात्रभर निवालेलं असतं, म्हणून ते सोसवतं. पश्चिमेचं ऊन येतं तेव्हा स्लॅब आधीच तापलेला असतो.

उभ्या पट्ट्यांचा खरा उपयोग इथेच आहे. आडव्या पट्ट्या वरून येणारं ऊन अडवायला बऱ्या. बाजूने, खालच्या कोनातून येणारं ऊन अडवायचं तर त्या पूर्ण मिटाव्या लागतात आणि खोलीत अंधार होतो. उभ्या पट्ट्या मात्र उजवीकडे किंवा डावीकडे वळवता येतात. पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिलात तर डाव्या हाताला दक्षिण आणि उजव्या हाताला उत्तर येते. मे महिन्यात दुपारनंतरचा सूर्य समोरून जरा उजवीकडे असतो. तेव्हा पट्ट्या अशा वळवा की फट डावीकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडे उघडेल. ऊन अडतं आणि आकाशाचा उजेड तेवढा आत येतो, लाइट लावावा लागत नाही. डिसेंबरात सूर्य डावीकडे सरकतो, तेव्हा फट उजवीकडे ठेवायची. वर्षातून दोनदा करायची एवढीशी गोष्ट आहे, पण हे पडदे लावलेल्या कित्येक घरांत मी ते एकतर कायमचे मिटलेले किंवा कायमचे एका बाजूला ओढलेले बघते. फिरवायचे असतात हेच घरच्यांना बसवणाऱ्याने सांगितलेलं नसतं.

म्हणून हॉलची रुंद पश्चिमेची खिडकी, पूर्व-पश्चिमेकडे उघडणारं गॅलरीचं सरकतं काचेचं दार, घरातच दवाखाना, शिकवणी किंवा ऑफिस असेल तर त्या खोलीची काच, एवढ्या ठिकाणी खुशाल लावा. दाराला तर हे विशेष बरे, कारण ते पूर्ण बाजूला सरकतात आणि येण्याजाण्याची वाट मोकळी राहते. कूलरवाल्या घरालाही हे सोयीचं. कूलर चालायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो. पट्ट्या एका बाजूला ओढून ठेवल्या की हवेला वाट मिळते.

ज्या खिडकीच्या वाऱ्यावर रात्री झोपता, तिथे मात्र हे लावू नका. बालाघाटच्या डोंगररांगेवर वारा किती असतो ते भूम-वाशीकडच्या पवनचक्क्या बघितल्यावर वेगळं सांगायला नको. जून-जुलैच्या वाऱ्यात या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, पीळ खातात, त्यांना खालून जोडणारी साखळी तुटते, आणि रात्रभर खडखडाट होतो तो वेगळा. तिथे साधा, धुता येणारा सुती पडदाच चांगला. स्वयंपाकघरातही नको. फोडणीचा धूर आणि तेलकटपणा कापडी पट्टीत बसला की निघत नाही. लहान खिडक्यांना, म्हणजे तीन फुटांच्या आतल्या, हे पडदे शोभतही नाहीत आणि परवडतही नाहीत. न्हाणीघराला गुळगुळीत काच लावण्याऐवजी खडबडीत काच लावली की पडद्याचा प्रश्नच मिटतो. आणि घर पत्र्याचं असेल तर पडद्यांचा खर्च आधी बाजूला ठेवा. तिथे उष्णता वरून येते. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना, आतून छत, असं काहीतरी आधी करा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत, ती मी सांगते. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर जेवढा गारवा मिळतो, तेवढा आत अडवून कधीच मिळत नाही. काचेतून आत आलेलं ऊन पट्टीवर पडतं, पट्टी तापते आणि ती उष्णता खोलीतच सोडते. काच ती परत बाहेर जाऊ देत नाही. आतल्या पडद्याने डोळ्यांवरची तिरीप जाते, अंगावरचं थेट ऊन जातं, सामानाचा रंग उडत नाही. पण खोली खरोखर गार करायची तर बाहेर काहीतरी हवं. शेतकऱ्याच्या घरात शेडनेटचा तुकडा असतोच. मार्चमध्ये तो पश्चिमेच्या खिडकीबाहेर, काचेपासून फूटभर अंतर सोडून ताणून बांधा, पावसाळ्याच्या तोंडावर काढून ठेवा. बांबूची चिक मिळाली तर ती बाहेरून लावा. जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब लावा. पहिली दोन वर्षं पाणी घातलं की पुढे तो आपल्या दुष्काळातही तग धरतो. हे सगळं जमत नसेल, भाड्याचं घर असेल, वरचा मजला असेल, तर मग आतल्या पट्ट्यांवर भिस्त ठेवा.

कापडाची निवड करताना रंग आणि नक्षी शेवटी बघा. आधी पट्टीची पाठ बघा. खिडकीकडे येणारी बाजू पांढरी किंवा फिकट हवी, म्हणजे काचेतून आलेल्या उन्हातला काही भाग ती तशीच बाहेर परतवते. गडद चॉकलेटी, मरून पट्ट्या वहीत भारदस्त दिसतात, पण पश्चिमेच्या काचेमागे त्या तव्यासारख्या तापतात. हॉलला साधं पॉलिस्टरचं फिकट कापड पुरतं. दिवसा झोपणारं कोणी घरात असेल, रात्रपाळीचा पोलीस, एसटीचा चालक किंवा दवाखान्यातली परिचारिका, तर त्यांच्या खोलीला मागून लेप दिलेलं, उजेड पूर्ण अडवणारं कापड घ्या. जाळीदार कापडही मिळतं. त्यावर १, ३, ५, १० असे टक्के लिहिलेले असतात. तो आकडा म्हणजे विणीतल्या उघड्या जागेचं प्रमाण, जितका कमी तितकं ऊन कमी. जाळीतून दिवसा आतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही. मात्र रात्री आत दिवा लागला की हे उलटं होतं. रस्त्यालगत घर असेल आणि जाळीचंच कापड हवं असेल, तर रात्रीसाठी दुसरा साधा पडदा लागेल हे धरून चला. प्लास्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसता येतात. पण आपल्या उन्हात काही वर्षांत त्या पिवळ्या पडतात, ठिसूळ होतात.

शक्यतो दुकानातला नमुना घरी घेऊन या. दुपारी चारला त्या काचेवर धरा आणि मागून हात फिरवून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कुठलंच कापड खरं कळत नाही.

मापाच्या बाबतीत माणसं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून इथे जरा थांबते. पडदे चौकटीच्या आत बसवायचे की बाहेर भिंतीवर, हे आधी ठरवा. पट्टी साधारण १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच रुंद असते. ती पूर्ण फिरायला चौकटीत तेवढी खोली मोकळी हवी, तीही काचेची मूठ आणि डासांची जाळी सोडून. सहा इंची भिंतीत सरकत्या खिडकीचा ट्रॅक वजा जाता तेवढी जागा बहुधा उरत नाही. तेव्हा बाहेरूनच बसवावं लागतं. आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आलेलं माप धरा. आपल्याकडच्या भिंती सगळीकडे ओळंब्यात असतातच असं नाही. बाहेरून बसवायचं तर दोन्ही बाजूंना आणि वर-खाली चार-चार इंच जास्त धरा, नाहीतर कडेने उन्हाच्या रेघा आत येतात. दाराला लावताना पट्टी फरशीपासून अर्धा-पाऊण इंच वर राहू द्या, म्हणजे झाडताना-पुसताना पट्ट्यांच्या तळाची वजनं भिजणार नाहीत.

हे पडदे चौरस फुटाच्या भावाने विकले जातात. ६ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच खिडकी म्हणजे २७ चौरस फूट. तीच बाहेरून, सगळीकडून चार-चार इंच वाढवून मोजली की ६ फूट ८ इंच गुणिले ५ फूट २ इंच, म्हणजे साडेचौतीस चौरस फुटांच्या जवळ जाते. खिडकी तीच, पण बिल पाव पटीहून जास्त वाढतं. ही लबाडी असते असं मी म्हणत नाही, माल तेवढा लागतोच. पण तोंडी सांगितलेला भाव कोणत्या मापाचा, बसवणावळ त्यात आहे का, जीएसटी धरला आहे का, ते आधी कागदावर लिहून घ्या. दोन दुकानांच्या भावांची तुलना करायची तर दोघांनाही तुम्ही स्वतः घेतलेलं एकच माप द्या.

पैसे वाचवायचे तर कापडात वाचवा, वरच्या रेलमध्ये वाचवू नका. पट्ट्या सरकतात, फिरतात ते सगळं त्या ॲल्युमिनियमच्या रेलमध्ये आणि तिच्यातल्या रनरमध्ये असतं. आपल्या भागात उन्हाळ्यात धूळ किती येते ते तुम्हाला ठाऊक आहे. हलक्या रेलमध्ये ती धूळ बसली की रनर अडकतो, माणूस दोरी हिसकतो आणि पट्टी टांगलेली असते तो आकडा मोडतो. सहा फुटी खिडकीला साधारण वीस पट्ट्या लागतात. त्यातला एक आकडा मोडला तरी मधोमध दातांतली फट पडल्यासारखं दिसतं. सोलापूरचा किंवा लातूरचा फिटर एका आकड्यासाठी कळंबला किंवा परंड्याला परत येईल का? बहुधा येणार नाही. म्हणून खरेदीच्या वेळीच त्याच कापडाच्या दोन जादा पट्ट्या, चार-पाच आकडे आणि खालची थोडी साखळी मागून घ्या आणि कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी तेच कापड मिळेल याची खात्री नसते. आकडा कसा बदलायचा ते फिटरकडून समोर करून घ्या, मोबाइलवर चित्रण करा. दोन मिनिटांचं काम आहे, घरातली कोणीही करू शकते.

रेल भिंतीत पक्की बसली पाहिजे. खिडकीच्या वर काँक्रीटचा लिंटेल असतो, तिथे हॅमर ड्रिलनेच भोक पडतं. फिटरने साधं ड्रिल आणलं तर तो कंटाळून गिलाव्यात कुठेतरी गिट्टी ठोकून मोकळा होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छताला रेल टांगू देऊ नका, तेवढं वजन ते छत धरत नाही. बसवून झाल्यावर पैसे द्यायच्या आधी सगळ्या पट्ट्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तीन-चार वेळा सरकवा, पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे फिरवा. सगळ्या एकदम वळल्या पाहिजेत, एखादी मागे राहता कामा नये.

आता सर्वांत महत्त्वाचं. घरात रांगतं किंवा पाच वर्षांखालचं मूल असेल तर या पडद्यांची लोंबती दोरी आणि मण्यांची साखळी हा थेट धोका आहे. दोन्ही गोल फासासारख्या असतात. मूल खेळता खेळता त्यात मान घालतं, पाय घसरतो आणि आवाजही न होता घात होतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे पाच वर्षांखालची सरासरी नऊ मुलं दरवर्षी खिडकीच्या दोरीत गळा अडकून दगावतात. युरोपने २०१४ मध्ये नियम कडक केले, त्यात फास जमिनीपासून किमान दीड मीटर उंच राहिला पाहिजे अशी अट आहे. आपल्या दुकानात हे तुम्हाला कोणी आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका. दोरीऐवजी काठीने सरकणारी आणि फिरणारी रेल मागा, ती मिळते. दोरीचीच घ्यावी लागली तर साखळी भिंतीला ताणून धरणारी क्लिप बसवल्याशिवाय फिटरला जाऊ देऊ नका, आणि दोरी पाच फुटांच्या वर गुंडाळून ठेवायला खुंटी ठोकून घ्या. पाळणा, पलंग, सोफा खिडकीपासून लांब सरकवा. उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडं येतात त्या आजी-आजोबांच्या घरालाही हे लागू आहे.

निगा फार नाही. आठवड्यातून एकदा पट्ट्या मिटून मऊ झाडूने वरून खाली झाडा. आडव्या पट्ट्यांपेक्षा यांच्यावर धूळ कमी बसते, हा यांचा मोठा गुण. वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या आवराआवरीत, कापडी पट्ट्या काढून, खालची वजनं काढून थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुता येतात. पण त्या कापडाला पाणी चालतं का, हे आधी विचारा. लेप दिलेलं कापड भिजवायचं नसतं. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग उरतात, शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा पावसाचं घ्या. मशीनमध्ये टाकू नका, पिळू नका, ओल्या असतानाच परत टांगा म्हणजे सरळ वाळतात.

आणि घाई करू नका. अक्षय्य तृतीयेला घरात राहायला गेलात तर पहिले काही आठवडे जुन्या चादरींवर काढा. सोलापुरी चादर काही आठवडे खिडकीवर टांगली म्हणून कोणाची पत जात नाही. कोणत्या खोलीत किती वाजता ऊन कुठवर येतं ते बघा, फरशीवर खडूने रेघ ओढून ठेवा. त्या रेघा घेऊन दुकानात गेलात तर तुमच्या लक्षात येईल की सहा खिडक्यांपैकी एखाद-दुसऱ्याच खिडकीला हा खर्च करायचा आहे.

बिल पक्कं घ्या. त्यावर कापडाचं नाव, रेलचा प्रकार, माप, बसवणावळ आणि किती दिवसांची हमी आहे ते लिहून घ्या. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. हमीच्या काळात बिघाड झाला आणि दुकान दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथेही निभलं नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याची फी लागत नाही, वकील लावायचीही सक्ती नाही. फक्त बिल हातात हवं, म्हणून ते घराच्या कागदपत्रांच्या फायलीतच लावून ठेवा.